काट्यावर न आलेले पोते

यंदाच्या अंकासाठी ‘तेल’ हा विषय ठरल्याचे संपादकांनी कळवले. नवी मुंबईत राहणाऱ्याला तेल शोधायला फार लांब जावे लागत नाही. उरणच्या बाजूला न्हावा-शेवा बंदर आहे आणि तिथे इंडोनेशिया-मलेशियाचे पामतेल उतरते. देशभरच्या बंदरांत मिळून अर्जेंटिना-ब्राझीलचे सोयातेल आणि रशिया-युक्रेनचे सूर्यफूल तेलही येते. आपण वर्षाला सुमारे १६० लाख टन खाद्यतेल बाहेरून आणतो, म्हणजे गरजेच्या निम्म्याहून जास्त. आयातशुल्क किती असावे, हमीभाव का मिळत नाही, यांवर दर दिवाळीला कुणी ना कुणी लिहितेच. मला जायचे होते त्याच्या आधीच्या टप्प्यावर. जे तेल आपल्याच मातीत पिकत होते आणि घाण्यापर्यंत पोचण्याआधीच किड्यांच्या पोटात गेले, ते किती? आणि ते गेले हे कळते कसे? शेतात जे पिकले त्याचे वजन होते. जे पिकायचे राहिले ते कोणत्याच काट्यावर चढत नाही.

दाणाबंदरातली मूठ

तुर्भ्याचा बाजार मुंबईकरांच्या ओठांवर ‘वाशी मार्केट’ म्हणूनच आहे. मशीद बंदरचा धान्याचा व्यापार खाडीपलीकडे हलला आणि त्याच्याबरोबर ‘दाणाबंदर’ हे नावही आले. सकाळी ट्रक लागतात, माथाडींच्या पाठीवरून पोती गाळ्यात जातात. शेंगदाणा, तीळ, कारळे, जवस अशी तेलबियांची पोती डाळी-कडधान्यांच्या थप्प्यांशेजारी उभी असतात.

शेंगदाण्याचा एक जुना व्यापारी पोत्यात पोकळ टोकदार सळई खुपसून दाणे काढतो, तळहातावर पसरतो आणि बोटाने सरकवत जातो. अख्खे एकीकडे, सुरकुतलेले दुसरीकडे. मग एक दाणा उचलून माझ्यासमोर धरतो. त्याला टाचणीच्या डोक्याएवढे गोल भोक आहे.

“हा बाहेरून लागलेला नाही, आतून निघालाय. म्हणजे बघा, शेंगेतच होता.”

त्याचे म्हणणे शास्त्राला धरून आहे. शेंगदाण्याच्या या भुंगेऱ्याची मादी शेंगेच्या टरफलावर अंडे चिकटवते. अळी अंड्यातून निघते ती थेट टरफल पोखरून दाण्यात शिरते, दाणा खाऊन मोठी होते आणि भोक पाडून बाहेर येते. मग शेंगेला चिकटून किंवा पोत्याच्या तळाशी कोष विणते. या किड्याचे जुने घर चिंचेच्या झाडावर. चिंचोका हे त्याचे खाद्य. खळ्याच्या कडेला चिंच असेल, किंवा वाळत घातलेल्या शेंगांशेजारी चिंच साठवली असेल, तर तो भुईमुगाकडे सहज वळतो. आपल्याकडे खळ्याच्या सावलीला चिंच असणे किती साहजिक आहे, हे गावाकडच्या वाचकाला सांगायला नको.

२०१५ साली व्हिएतनामने भारतातून येणाऱ्या भुईमुगाची आयात थांबवली. खेपांमध्ये हाच भुंगेरा सापडला होता. बंदी पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला उठली, पण ज्यांचा माल अडकला त्यांनी तेवढे दिवस तोटा सोसला. एका दाण्याचे वजन साधारण अर्धा ग्रॅम. त्यातला थोडा भाग खाल्लेला, आणि त्यापायी परत फिरलेले कंटेनर. किडीच्या नुकसानीचे हे एक रूप आहे. खाल्लेले थोडे असते आणि भाव पडतो सगळ्या मालाचा. त्यात भोक पडलेल्या शेंगेत बुरशी शिरते आणि बुरशीबरोबर अफ्लाटॉक्सिन हे विष. थेट खाण्याच्या शेंगदाण्यात युरोप त्याचे प्रमाण अब्जात ४ भागांपर्यंतच चालवून घेतो. ही बुरशी जमिनीतच शेंगेत शिरू शकते. हुमणीने किंवा वाळवीने टरफल कुरतडले की तिला वाट मिळते.

साठवणीतल्या किड्यांवर व्यापाऱ्याचा उपाय म्हणजे ताडपत्री झाकून धुरी देणे. दुसरा उपाय वाशीतच उभा आहे. विकिरण व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळाच्या वाशीच्या संकुलात २००० सालापासून कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी मसाल्यांवर प्रक्रिया होते. मसाल्यातले जंतू मारायला किरणांची मात्रा बरीच जास्त लागते, नुसता किडा मारायला किंवा वांझ करायला तिच्या काही अंशाने भागते. तरी तेलबियांची पोती तिथे रांग लावून उभी नाहीत. दाणाबंदरातल्या माणसाला विचारले तर तो एवढेच म्हणतो, “किलोमागे रुपया वाढला की गिऱ्हाईक दुसऱ्या गाळ्यावर जातं.”

पण गोदामातले नुकसान निदान हातात धरून दाखवता येते. शेतातले तसे दाखवता येत नाही, म्हणून मी पुढे मराठवाड्याकडे निघालो.

न पिकलेल्याची मोजणी

किडीने किती खाल्ले हे ठरवण्याची कृषी विद्यापीठांची पद्धत ऐकायला साधी आहे. एकाच शेतात, एकाच दिवशी, एकाच वाणाचे शेजारी शेजारी तुकडे पेरायचे. काही तुकडे औषधे वापरून किडीपासून पूर्ण राखायचे, काही तसेच सोडायचे. मळणीनंतर दोन्हींचे दाणे तोलायचे. जो फरक येईल ते टाळता आले असते असे नुकसान. एका वर्षाच्या आकड्यावर भिस्त ठेवता येत नाही, कारण पावसाने उघडीप दिली की किडी बदलतात, पेरणी लांबली की पुन्हा बदलतात. म्हणून हंगामामागून हंगाम हेच करत राहावे लागते. ‘तेलबियांचे इतके टक्के नुकसान किडींनी होते’ असे एकच वाक्य कुणी ऐकवले तर कोणते पीक, कोणता जिल्हा, कोणत्या पंधरवड्यातली पेरणी, हे तीन प्रश्न लगेच विचारावेत.

शेतकऱ्याच्या उपयोगाची गोष्ट वेगळीच आहे. १९५९ साली कॅलिफोर्नियातल्या चार कीटकशास्त्रज्ञांनी, स्टर्न, स्मिथ, व्हॅन डेन बॉश आणि हेगन यांनी, एक निबंध लिहिला. कीड दिसली म्हणून मारायची नाही, तिने होणारे नुकसान फवारणीच्या खर्चाहून जास्त होणार असेल तेव्हाच मारायची, असे त्यांनी मांडले. त्यातून आली ती ‘आर्थिक नुकसानीची पातळी’. आज कृषी विभागाच्या प्रत्येक पत्रकात हे शब्द असतात. सोयाबीनच्या ओळीत मीटरभर अंतरात इतक्या अळ्या, शंभर झाडांत इतकी झाडे पोखरलेली, अशा या पातळ्या असतात. पातळीच्या खाली असाल तर थांबा.

थांबा म्हणणे सोपे नाही, कारण पान डोळ्यांसमोर खाल्ले जात असते. पण सोयाबीन सोसणारे पीक आहे. फुलावर येण्याआधी पानांचा पाव हिस्सा गेला तरी ते नवी पाने काढून बहुतेक भरपाई करते. ते स्वतःच आपली बरीचशी फुले गाळून टाकते, जेवढ्या शेंगा पोसता येतील तेवढ्याच ठेवते. कीड आणि उतारा यांच्यात सरळ त्रैराशिक नाही. चाळण झालेले शेत कधी चांगले पिकते आणि हिरवेगार दिसणारे शेत खळ्यावर दगा देते.

२००८ चा खरीप

या सगळ्याला महाराष्ट्रात सरकारी दप्तरात जागा मिळाली ती एका संकटामुळे. २००८ च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्याच्या सोयाबीनवर अळ्या उतरल्या. तंबाखूवरील पाने खाणारी अळी, तिच्या जोडीला उंटअळ्या आणि घाटे अळी. तेव्हा त्या भागात बहुतेक शेतांत जेएस-३३५ हे एकच वाण होते. जबलपूरच्या विद्यापीठाने १९९४ साली दिलेले हे वाण चांगले पिकले, म्हणून ते सगळीकडे गेले. एकाच वेळी पेरलेले, एकाच वयाचे, बांधाला बांध लागून पसरलेले पीक. पतंगांना यापेक्षा सोयीचे काय असणार?

तंबाखूवरील अळीच्या पतंगाची मादी पानाखाली पुंजक्याने शेकडो अंडी घालते आणि अंगावरच्या तपकिरी केसांनी ती झाकते. अंड्यांतून निघालेल्या अळ्या पहिले काही दिवस एकाच पानावर राहतात आणि त्याचा हिरवा भाग खरवडून खातात. ते पान जाळीदार, पांढुरके होते आणि लांबूनही ओळखू येते. तेव्हा ते एक पान तोडून रॉकेलच्या पाण्यात बुडवले तर शेकडो अळ्यांचा बंदोबस्त होतो. आठवड्यानंतर त्या पांगतात, दिवसा ढेकळांत लपतात, रात्री खातात आणि मोठ्या अळीवर औषधही नीट लागू पडत नाही. २००८ साली तो पहिला आठवडा निसटला. ज्यांनी पाहायला हवे होते त्यांना कुठे पाहायचे ते ठाऊक नव्हते आणि शेतकरी दुकानाकडे धावला तोवर अळ्या पांगल्या होत्या. सरकारी हिशेबाने १४.६४ लाख हेक्टरवरील सोयाबीनला झळ बसली, नुकसान १,३९२ कोटी रुपयांचे झाले आणि राज्याला ४५० कोटींची मदत द्यावी लागली.

त्यातून २००९-१० पासून ‘क्रॉपसॅप’ उभा राहिला. किडी-रोगांचे सर्वेक्षण करून सल्ला देण्याचा हा प्रकल्प. दिल्लीचे राष्ट्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्र, हैदराबादची कोरडवाहू शेतीची संस्था, इंदूरची सोयाबीन संशोधन संस्था आणि राज्यातली कृषी विद्यापीठे यांची मोट कृषी विभागाने बांधली. कामाची रीत अशी की गावे निवडायची, त्यांत काही शेते हंगामभरासाठी पक्की ठरवायची आणि काही दर खेपेला नवी घ्यायची. कीड सर्वेक्षक शेतात जाऊन ठरावीक ठिकाणच्या ओळी तपासणार, अळ्या मोजणार, कामगंध सापळ्यातले पतंग मोजणार. आकडे संगणकावर चढणार. कोणत्या तालुक्यात पातळी ओलांडली ते नकाशावर दिसणार, विद्यापीठातले तज्ज्ञ सल्ला लिहिणार आणि तो शेतकऱ्याच्या मोबाइलवर लघुसंदेशाने पोचणार.

मला या प्रकल्पाचे मोल फार वाटते. गावोगावच्या माहितीचा एक जिवंत नकाशा त्यातून मिळतो. पण तो नकाशा चालतो माणसाच्या पायांवर. सुरुवातीला या कामासाठी वेगळे सर्वेक्षक होते, पुढे मोजणी कृषी सहायकांवर आली. त्यांच्याकडे आधीच पंचनामे, अनुदानाचे अर्ज आणि अनेक योजनांचे उद्दिष्ट असते. मोजणी हे सगळे उरकून करायचे काम झाले की तिची धार जाते.

खोडाच्या आत

लातूर जिल्ह्यातले एक शेत. पाऊस उघडलेला, चिखल अजून पायांना चिकटतो आहे. शेतकरी पन्नाशीचा, सोबत त्याचा बारावी झालेला मुलगा. पीक छान दिसते, गुडघ्याच्या वर आलेले, फुलावर. कृषी सहायक ताई ओळीत शिरतात, एक झाड उपटतात, खिशातला चाकू काढून खोड उभे चिरतात. आत तांबूस, नागमोडी रेघ. दुसरे झाड, तिसरे झाड. तीच रेघ. एकात पिवळसर पांढरी, बारीक तांदळाच्या कणीसारखी अळी वळवळते.

ही खोडमाशी. दोन मिलिमीटरची, चमकदार काळी. उडत असली तरी लक्ष जाणार नाही. ती पानावर अंडे घालते, अळी शिरेतून देठात आणि देठातून खोडात जाते, आतला गर खाते. कोषात जाण्याआधी खोडाला बारीक छिद्र पाडून ठेवते, म्हणजे माशी बाहेर पडू शकेल. रोप लहान असताना ती आली तर रोप मरते आणि निदान ते दिसते. झाड मोठे असेल तर बाहेरून काहीच कळत नाही. पाने हिरवी राहतात, फुले येतात. फक्त अन्नपाणी नेणारी वाट आतून पोखरलेली असते, त्यामुळे शेंगा कमी लागतात आणि दाणा हलका भरतो. शेतकरी म्हणतो यंदा ‘दाणा भरला नाही’, आणि दोष पावसाला जातो.

“पण पानं तर चांगली हायत की,” शेतकरी म्हणाला. “मी पानं खाल्लेली बघून गेल्या आठवड्यात फवारा मारला.”

“कशासाठी मारलात दादा?”

“उंटअळीसाठी. दुकानदारानं दिलं.”

ताईंनी मीटरभर ओळीखाली कापड अंथरून झाडे झटकली. दोन उंटअळ्या पडल्या, एक तर बुरशीने पांढरी पडून कडक झालेली. दमट हवेत नोमुरिया नावाची बुरशी अळ्यांवर आपोआप येते आणि फुकटात त्यांचा नायनाट करते. चार दिवस वाट पाहिली असती तर त्या फवाऱ्याची गरज पडली नसती. आणि ज्याची गरज होती त्याची वेळ पेरणीच्या दिवशीच गेली. खोडमाशीसाठी सर्वांत स्वस्त उपाय बियाण्याला कीटकनाशकाची प्रक्रिया करणे हा आहे. ती केली नसेल तर उगवणीनंतरच्या पहिल्या पंधरवड्यात खोडे चिरून पाहावी लागतात. शंभरात दहा झाडे पोखरलेली निघाली तर फवारणी, कमी निघाली तर थांबणे.

मुलाला खोड चिरणे आवडले. त्याने वडिलांना न विचारता आणखी बरीच झाडे उपटली. वडिलांचा जीव वरखाली होत होता, पण ते काही बोलले नाहीत.

पुढच्या ओळीत काही झाडांची एखाददुसरी पानेच लोंबत होती, बाकी झाड टवटवीत. खुरपणीला आलेल्या बायकांपैकी एकीने आमच्याकडे न बघताच सांगितले, “त्येला चक्कर पडलीय.” देठावर खरेच दोन कड्या होत्या, बोटभराहून कमी अंतरावर, सुरीने कोरल्यासारख्या. चक्रीभुंग्याची मादी आधी या दोन कड्या कोरते आणि मधल्या भागात अंडे घालते. वरच्या भागाचा रसपुरवठा तुटून पान सुकते. अंड्यातून साधारण आठवडाभराने अळी निघते आणि देठातून खोडात उतरत जाते. पीक तयार होत आले की ती आतूनच झाड कापते. जमिनीपासून वीतभर उंचीवर झाड मोडते आणि शेंगांसकट आडवे होते. मोडलेल्या तुकड्यात अळी सुप्त राहते ती थेट पुढच्या पावसापर्यंत.

इथे त्या बाईंचे बोलणे महत्त्वाचे ठरते. लोंबणारे पान आठवड्याच्या आत खालच्या कडीखाली खुडून शेताबाहेर नेऊन नष्ट केले तर अळी खोडात पोचतच नाही. औषध लागत नाही, पंप लागत नाही. लागते ओळीतून रोज फिरणारी नजर, आणि ती खुरपणाऱ्या बायकांकडे आहे. त्यांच्या रोजंदारीत खुडणीचे दोन तास धरले तर एका फवारणीच्या औषध-मजुरीपेक्षा खर्च कमी येईल, असा हिशेब ताईंनी तिथेच बांधावर करून दाखवला. शेतकऱ्याने मान डोलावली, पण मजूर खुडणीला मिळतील का, ही त्याची शंका खरी होती. आता तणनाशक आल्यापासून खुरपणीच कमी झाली. बायका शेतात कमी येतात, तसे पीक पाहणारे डोळेही कमी झाले.

राज्यात सोयाबीन सुमारे ५० लाख हेक्टरांवर असते. हेक्टरी १२ क्विंटलचा उतारा धरला आणि त्यातला समजा दहावा हिस्सा या आतल्या किडींनी नेला, तर सहा लाख टन सोयाबीन गेले. सोयाबीनमधून १८ टक्क्यांच्या आसपास तेल निघते. म्हणजे एक लाख टनांहून अधिक तेल. हा आकडा मी गणितासाठी धरलेला आहे. पण अशा गणितातले तेल न्हावा-शेव्याला जहाजातून उतरवावे लागते, हे मात्र धरलेले नाही.

कडेचे झाड आणि रात्रीचा लिंब

प्रत्येक तेलबीची कीड वेगळी, पण सगळ्यांत वेळेला किंमत आहे. करडई घ्या. सोलापूर-मराठवाड्याच्या कोरडवाहू काळ्या रानातले हे रब्बीचे पीक. महाराष्ट्र यात एके काळी देशात पुढे होता, आता क्षेत्र आक्रसले आहे. फलटणच्या निंबकर संशोधन संस्थेने बिनकाट्याचे वाणही दिले, कारण काट्यांमुळे काढणीला मजूर मिळेनात. या पिकाचा मोठा शत्रू काळा मावा. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला पेरलेली करडई माव्याच्या बहराआधी वाढून घेते. पेरणी लांबली की कोवळे झाड आणि मावा यांची गाठ पडते आणि निम्म्याहून अधिक पीक जाऊ शकते. मावा शेतात कडेने येतो. म्हणून आधी चारी बाजूंच्या कडा तपासाव्यात, तिथेच फवारावे. सगळ्या रानावर औषध ओतायची गरज बहुतेक वेळा पडत नाही.

भुईमुगाच्या मुळाशी हुमणी. तिच्यावर उपाय वळवाच्या पावसानंतरच्या संध्याकाळी करायचा. जमिनीतून निघालेले भुंगेरे अंधार पडल्यावर लिंब-बाभळीवर जमतात. अख्ख्या गावाने त्या चार-सहा संध्याकाळी फांद्या हलवून, खाली पडलेले भुंगेरे गोळा करून रॉकेलच्या पाण्यात टाकले, तर अंडी पडायच्या आधीच काम होते. एकट्याने आपल्या बांधावर करून भागत नाही, कारण शेजारचा लिंब तसाच राहतो.

आणि सरकी. गुलाबी बोंडअळीला आपण कापसाचीच कीड मानतो. पण ती बोंडात शिरते ती सरकीसाठी. कापूस पिवळा पडतो, कवडी होते, ते तिच्या वाटेत आले म्हणून. दोन सरक्या एकमेकींना जोडून त्यांत ती सुप्तावस्था काढते. सरकीचे तेल आपल्या फरसाणात किती असते हे पाहिले, तर तिला तेलबियांची कीड म्हणायला हरकत नाही.

ज्यांना मारायचे नाही

नवी मुंबईच्या सर्वांत जवळची तेलबी शोधत निघालात तर ठाणे-पालघर आणि पुढे नाशिकच्या सुरगाणा-पेठ भागातल्या डोंगरउतारांवर पोचाल. नाचणी-वरईनंतर वरकस जमिनीवर आदिवासी शेतकरी खुरासणी म्हणजे कारळे पेरतात. भाद्रपदानंतर हे उतार पिवळे होतात. कारळ्याच्या फुलाला स्वतःच्या झाडाचे पराग चालत नाहीत. मधमाशी आली तरच दाणा. सूर्यफुलाचेही बरेचसे असेच. फुलोऱ्यात सकाळच्या वेळी कडक औषध मारले की माश्या मरतात आणि फुलाच्या मधोमध पोकळ दाणे राहतात. ते पोकळ दाणे म्हणजे कीटकांनी केलेले नुकसान नसून कीटक न आल्याने झालेले नुकसान, आणि तेही काट्यावर येत नाही.

याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या आयातीतच दडले आहे. मलेशियात तेलपामच्या फुलांचे परागीभवन हाताने करावे लागे. १९८१ साली कॅमेरूनमधून एक छोटा सोंड्या भुंगेरा आणून सोडला. हा आफ्रिकेतला त्या झाडाचा जुना जोडीदार कीटक. मजुरी वाचली, घड भरू लागले. १९८० च्या दशकात तो भारतातही आणला गेला. आज न्हावा-शेव्याला उतरणाऱ्या पामतेलामागे त्या किड्याचे श्रम आहेत.

बाटली आणि पंचनामा

कृषी सेवा केंद्रात संध्याकाळी गर्दी असते. शेतकरी खिशातून एक पान काढून दाखवतो, दुकानदार फळीवरची बाटली काढतो, सोबत एखादे टॉनिक. उधारीवर. सल्ला आणि माल एकाच हाताने मिळतो. त्या दुकानदाराला दोष देणे सोपे आहे, पण त्या वेळी गावात दुसरे कुणी उपलब्ध नसते, हेही खरे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर गेले. बहुतेक कापसाच्या, डोक्याएवढ्या वाढलेल्या रानात, वेगवेगळी औषधे मिसळून, हातमोजे-मास्क नसताना. त्या मृत्यूंनंतरही फवारणी कधी टाळावी यापेक्षा फवारताना काय घालावे याचीच चर्चा जास्त झाली. मला ते आजही खटकते.

नुकसान झालेच, तर ते सिद्ध करायचे कसे? गारपीट झाली, शेतात पाणी साचले, तर शेत डोळ्यांना दिसते. किडीचे तसे नाही. पीक विम्यात कीड-रोगाने घटलेला उतारा धरला जातो तो महसूल मंडळाच्या पातळीवर, पीक कापणी प्रयोगांच्या सरासरीतून. तुमच्या एकट्याच्या शेतात खोडमाशीने दाणा हलका केला आणि मंडळाची सरासरी तग धरून राहिली, तर तुमच्या हाती काहीच नाही. २०२३ साली पांढऱ्या माशीने पसरवलेला पिवळा मोझॅक विदर्भ-मराठवाड्याच्या सोयाबीनवर इतका दाट आला की रानेच्या राने पिवळी पडली. तेव्हा पंचनाम्यांची मागणी झाली, मंत्र्यांचे दौरे झाले. पिवळे पडले म्हणून ते दिसले. खोडमाशीचा दौरा कुणी करत नाही.

केंद्राने ऑक्टोबर २०२४ मध्ये तेलबियांच्या राष्ट्रीय अभियानाला १०,१०३ कोटी रुपये मंजूर केले. २०३०-३१ पर्यंत देशाचे तेलबियांचे उत्पादन ३९० लाख टनांवरून ६९७ लाख टनांवर न्यायचे आहे. नवे वाण, नवे बियाणे, नवे क्षेत्र हे सगळे त्यात आहे आणि ते हवेच. पण आज पेरलेल्या रानात जे जाते ते वाचवायला लागणारा माणूस मला त्या आकड्यांत सापडला नाही. गावाला एक मोजणारा असावा. हंगामातले चार महिने, आठवड्यातून दोनदा, चाकू आणि कापड घेऊन शेतात जाणारा, आणि औषध विकण्याशी काहीही संबंध नसलेला. खुरपणाऱ्या बायकांपैकी कुणाला हे काम पगारावर दिले तर तिला शिकवायला एक दिवस पुरेल, अर्धे तिला आधीच येते.

लातूरच्या त्या शेतकऱ्याला ताईंनी निघताना दोन गोष्टी सांगितल्या. या आठवड्यात काही मारू नका, आणि लोंबणारी पाने मंगळवारच्या आत खुडून घ्या. तो ऐकत होता, पण नजर बांधावरच्या पिशवीकडे जात होती.

“ताई, ह्ये मी कालच आणलंय की. दुसऱ्या फवाऱ्याचं. साडेआठशेचं.”

“सील फोडलंय का?”

“न्हाई.”

“मग परत द्या.”

“उधारीवर हाय. परत घेत न्हाईत त्येनी.”

मुलगा मध्येच म्हणाला की घेतील, मी सांगतो, आणि पिशवी उचलून मोटरसायकलच्या हँडलला अडकवली. वडील त्याला थांबवायच्या बेतात होते. मग त्यांनी ताईंना विचारले की मंगळवारी खुडायला किती बायका सांगाव्या लागतील.